आधी पाहावे, मग ठरवावे

मराठीत मासिक पाळीला किती नावे आहेत ते मोजायला बसले तर एक छोटासा कोश तयार होईल. कावळा शिवणे, बाहेरची होणे, दूर बसणे, अडचण येणे, विटाळशी होणे. प्रदेशागणिक आणि घरागणिक शब्द बदलतो, पण त्यामागची दृष्टी एकच: जे आहे त्याचे नाव घ्यायचे नाही. पाळी बिघडली, रक्त प्रमाणाबाहेर जाऊ लागले, तरीही आपण ‘अंगावरून जाते’ एवढेच म्हणतो. त्यातून काय जाते हेसुद्धा कळत नाही. ‘पांढरे की लाल?’ असे पुढे विचारावे लागते. मग किती जाते, किती दिवस जाते, कधीपासून जाते, हे प्रश्न तर दूरच राहतात. भाषेच्या विद्यार्थ्याला हा शब्दप्रयोग मोठा रोचक वाटेल. परंतु डॉक्टरांसमोर बसलेल्या बाईला त्याचा काही उपयोग होत नाही, कारण तिथे नेमके हेच प्रश्न विचारले जातात.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा वैद्यकीय विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना माझे सांगणे असे की, आपल्या वाचकांपैकी निम्म्या तरी स्त्रिया आहेत आणि उरलेल्यांच्या घरी आई, बहीण, मावशी, आत्या आहेतच. दुसरे असे की, हा प्रश्न आता केवळ दवाखान्यापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात तो सामाजिक प्रश्न झाला आहे. त्याकडे मी लेखाच्या शेवटी येणारच आहे. तोपर्यंत जे शास्त्र आहे ते समजून घेऊ.

प्रमाणाबाहेर म्हणजे किती?

प्रौढ स्त्रीची पाळी साधारणपणे २४ ते ३८ दिवसांच्या अंतराने येते आणि रक्तस्राव आठ दिवसांच्या आत थांबतो. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा, म्हणजे चहाच्या सुमारे सोळा चमच्यांपेक्षा, जास्त रक्त जाणे म्हणजे अतिस्राव, अशी व्याख्या संशोधक पूर्वी करीत. पण घरी बसून चमचे कोण मोजणार? म्हणून आज डॉक्टर वेगळ्या पद्धतीने विचार करतात. ज्या रक्तस्रावामुळे बाईचे रोजचे काम, झोप, शिक्षण किंवा मन:स्वास्थ्य बिघडते तो प्रमाणाबाहेरचा समजावा. तासा-दोन तासांनी पॅड किंवा घडी बदलावी लागणे, मोठाल्या गाठी पडणे, रात्री उठावे लागणे, जिना चढताना धाप लागणे, ही त्याची ओळखीची लक्षणे होत.

याखेरीज दोन गोष्टी अशा आहेत की, तिथे प्रमाण पाहायचेच नसते. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा समागमानंतर रक्त दिसणे ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: पाळी जाऊन पूर्ण वर्ष लोटल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे. मग तो एक डाग का असेना, तपासणी झालीच पाहिजे. अशा रक्तस्रावासाठी तपासणीला आलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्याचे आढळते. याचाच अर्थ, नव्वदहून अधिक जणींना तो नसतो. या वाक्याचे दोन्ही भाग सारखेच लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला भाग विसरला तर दुखणे अंगावर काढले जाते. दुसरा विसरला तर नुसत्या भीतीपोटी शस्त्रक्रिया होते.

नऊ कारणे

रक्तस्राव हे लक्षण आहे, रोग नव्हे. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक महासंघाने त्याच्या कारणांचे नऊ गट पाडले. त्यांतले पहिले चार गट शरीराच्या रचनेतील बिघाडाचे. गर्भाशयाच्या अस्तरातून वाढलेला मऊ कोंब, ज्याला पॉलिप म्हणतात. अस्तराच्या पेशी स्नायूंच्या भिंतीत शिरणे. स्नायूंची गाठ, म्हणजे फायब्रॉइड. आणि अस्तराची अतिवाढ अथवा कर्करोग. उरलेले पाच गट नुसत्या डोळ्यांना न दिसणारे: रक्त गोठण्यातील दोष, बीज वेळेवर न सुटणे, खुद्द अस्तराच्या कार्यातील बिघाड, औषधांमुळे किंवा तांबीसारख्या साधनांमुळे होणारा त्रास, आणि शेवटी ज्यांचे वर्गीकरण अजून झालेले नाही अशी कारणे.

ही यादी मी मुद्दाम दिली. ती वाचल्यावर एक गोष्ट सहज ध्यानात येते: ज्या दुखण्याला नऊ तऱ्हेची कारणे आहेत त्याला एकच उपाय असू शकत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच अतिस्राव होत असेल तर आधी रक्त गोठण्याची तपासणी करावी लागेल. पस्तिशीच्या बाईला थायरॉइडचा त्रास असू शकेल. कोणाला दिवस गेलेले असतील आणि तिलाच ते ठाऊक नसेल. म्हणून चौकशी, गर्भधारणेची चाचणी, हिमोग्लोबिन, गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफी या पायऱ्या आधी येतात. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत, गाठी आणि अस्तराची जाडी दिसते. पाळी गेलेल्या बाईच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच कमी होते. पण अस्तर जाड दिसले तर ते कशामुळे जाड आहे, हे सोनोग्राफीची सावली प्रत्येक वेळी सांगू शकत नाही. कोंब आहे, गाठ आहे की आणखी काही? इथे आत डोकावून पाहण्याची गरज पडते.

न पाहता खरवडणे

पुष्कळ वर्षे या प्रश्नावर एकच उत्तर होते, ते म्हणजे क्युरेटिंग. आपल्याकडच्या बायका त्याला ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात. भूल द्यायची, गर्भाशयाचे तोंड रुंद करायचे आणि लांब दांड्याच्या चमच्यासारख्या हत्याराने अस्तर खरवडून तपासायला पाठवायचे. हे सारे केवळ हाताच्या अंदाजाने. दिवा न लावता बंद खोली झाडावी तसा हा प्रकार! १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, गर्भाशय काढण्यापूर्वी पन्नास स्त्रियांचे क्युरेटिंग करण्यात आले आणि नंतर ती काढलेली गर्भाशये उघडून पाहण्यात आली. साठ टक्के स्त्रियांमध्ये निम्म्याहून कमी भाग खरवडला गेला होता. देठावर लोंबणारा मऊ कोंब तर चमच्याखालून सहज निसटतो. ‘पिशवी साफ केली, तरी रक्त थांबत नाही’ ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. तिच्यामागचे एक कारण हे असू शकते.

मेणबत्तीपासून कॅमेऱ्यापर्यंत

गर्भाशय आतून पाहण्याच्या या तपासणीला ‘हिस्टेरोस्कोपी’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. ‘हिस्टेरिया’ हा शब्दही त्याच ‘हिस्टेरा’पासून आला. बाईच्या मनाचे सगळे विकार गर्भाशयामुळे होतात, असा एक समज युरोपात शतकानुशतके होता. ज्या अवयवाविषयी एवढे तर्क लढवले गेले, तो प्रत्यक्ष पाहण्याची सोय मात्र फार उशिरा झाली.

तिची सुरुवात एका मेणबत्तीने झाली. फ्रँकफर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक उपकरण बनवले. त्यात मेणबत्ती आणि आरसा बसवून प्रकाश नळीवाटे शरीरात सोडला जाई. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्वानांनी त्याचे स्वागत केले नाही आणि बोझिनी १८०९ साली ऐन पस्तिशीत वारले. पुढे १८५३ साली देझोर्मो या फ्रेंच शल्यवैद्याने दिव्याच्या प्रकाशावर चालणारी नळी पॅरिसमध्ये सादर केली. त्याच जातीची नळी वापरून पँटालिओनी या डॉक्टरांनी १८६९ साली एका साठ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय आतून पाहिले. तिला पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत होता. आत त्यांना कोंबासारखी वाढ दिसली आणि त्यांनी ती सिल्व्हर नायट्रेटने जाळली. म्हणजे ज्या पहिल्या यशस्वी तपासणीची नोंद इतिहासात आहे, ती याच दुखण्यासाठी झाली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तरीही ही पद्धत रूढ व्हायला आणखी शंभर वर्षे लागली. त्याचे कारण गर्भाशयाच्या रचनेतच आहे. गर्भाशयाची पोकळी ही नावालाच पोकळी. एरवी तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि भिंत जाड स्नायूंची असल्याने ती सहज फुगत नाही. शिवाय जरा धक्का लागला की रक्त येते आणि दृष्टीसमोर लाल पडदा येतो. तेव्हा प्रकाश हवा, स्वच्छ प्रतिमा हवी आणि भिंती दूर सारण्याचा उपायही हवा. प्रतिमेचा प्रश्न हॅरोल्ड हॉपकिन्स या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाने सोडवला. १९५९ च्या सुमारास त्यांनी नळीत छोट्या भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या बसवण्याची युक्ती काढली. त्यामुळे नळी बारीक होऊनही चित्र उजळ दिसू लागले. भिंती दूर सारण्यासाठी १९७० च्या आसपास दाट द्रव आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरून पाहण्यात आले. आज मुख्यतः सलाइन, म्हणजे शिरेतून देतात तेच मिठाचे निर्जंतुक पाणी, वापरतात.

तपासणी कशी होते?

आपल्याकडे हिला ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात. ही दुर्बीण साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक असते. टोकाला प्रकाश आणि मागे कॅमेरा. पाळी येत असलेल्या बाईची तपासणी शक्यतो पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करतात, कारण तेव्हा अस्तर पातळ असते आणि बारीक कोंबही दिसतो. पाळी गेली असेल तर कोणताही दिवस चालतो. गर्भधारणा नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलतात.

दुर्बीण योनीतून गर्भाशयमुखात आणि तिथून आत नेतात. सलाइन हळूहळू सोडले जाते आणि चिकटलेल्या भिंती उघडतात. इटालियन डॉक्टर बेट्टोकी यांनी १९९० च्या दशकात अशी पद्धत रूढ केली की, योनी रुंद करण्याचे हत्यार किंवा गर्भाशयमुख धरण्याचा चिमटा न वापरताच पाण्याच्या वाटेने दुर्बीण आत जावी. यामुळे त्रास बराच कमी झाला. आत गेल्यावर डॉक्टर ठरावीक क्रमाने पाहतात: गर्भाशयमुखाची वाट, पुढची भिंत, मागची भिंत, दोन्ही बाजू, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची तोंडे. ही दोन तोंडे दिसली म्हणजे पोकळी पूर्ण पाहिली गेली, याची खूण पटते. नुसती पाहणी बहुधा काही मिनिटांत आटोपते. संशयास्पद जागेचा तुकडा काढून तो पेशीतपासणीला पाठवता येतो, आणि लहान कोंब असेल तर तो त्याच वेळी काढताही येतो.

दुखते का, हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते आणि तो विचारलाच पाहिजे. अनेकींना पाळीत दुखते तेवढेच दुखते. काहींना मात्र फार दुखते, विशेषतः ज्यांचे नैसर्गिक बाळंतपण झालेले नाही किंवा पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत त्यांना. ब्रिटनमध्ये ‘थोडेसे दुखेल’ असे सांगून प्रत्यक्षात असह्य वेदना झाल्याच्या तक्रारी स्त्रियांनी जाहीरपणे मांडल्या. तेथील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात आज स्पष्ट म्हटले आहे की, भुलीचा पर्याय आधीच सांगितला पाहिजे आणि बाईने ‘थांबा’ म्हटले की थांबले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ही तपासणी भूल देऊनच करतात. भूल न देता करणार असतील तर तासभर आधी वेदनाशामक गोळी घेण्यास सांगतात. तपासणीनंतर दोन-चार दिवस थोडे डाग दिसणे, ओटीपोटात कळ येणे स्वाभाविक आहे. पण ताप, दुर्गंधी, खूप रक्त किंवा असह्य कळ असेल तर ताबडतोब परत जावे. गर्भाशयाला छिद्र पडणे किंवा जंतुसंसर्ग होणे असे प्रकार क्वचित घडतात, परंतु मुळीच घडत नाहीत असे नाही.

डोळ्यांचीही मर्यादा

दुर्बीण म्हणजे सर्वज्ञ नव्हे. २००२ साली ६५ अभ्यासांतील २६,३४६ स्त्रियांची माहिती एकत्र करून पडताळण्यात आली. दुर्बिणीतून पाहून ज्यांच्याविषयी कर्करोगाचा संशय आला त्यांच्यापैकी सुमारे ७२ टक्के स्त्रियांना तो खरोखर होता. ज्यांच्याविषयी संशय आला नाही त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. यातून दोन बोध निघतात. आत काही नाही असे दिसले तर पुष्कळच निर्धास्त होता येते. पण काही तरी दिसले तर नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेलाच पाहिजे. शिवाय भिंतीच्या आत खोलवर असलेला बिघाड, रक्तातला दोष, थायरॉइड यांपैकी काहीच दुर्बिणीला दिसत नाही. म्हणून ती पहिल्या पायऱ्यांच्या जागी नव्हे, त्यांच्यानंतर येते.

या तपासणीचे मोल मला पुस्तकातून कळण्याआधी घरात कळले. माझ्या मावशीला पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर डाग दिसू लागले. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून तिने तीन महिने सब्जाचे पाणी पिण्यात घालवले. मग एका ठिकाणी दाखवले तर त्यांनी सोनोग्राफीच्या कागदाकडे पाहून ‘या वयात आता पिशवीचा उपयोग काय, काढून टाका’ असा सल्ला दिला. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर गेले होते. त्यांनी दुर्बिणीची तपासणी केली आणि नंतर आम्हाला आतली छायाचित्रे दाखवली. फिकट गुलाबी भिंत आणि तिच्यावरून लोंबणारा करंगळीच्या नखाएवढा कोंब. तो तेव्हाच काढला होता. दहा दिवसांनी अहवाल आला: साधा कोंब, कर्करोग नाही. मावशी त्या छायाचित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “एवढ्याशासाठी होय?” अहवालात कर्करोग निघाला असता तर पिशवी काढणे हेच योग्य ठरले असते, हेही त्या डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवले होते.

कोयता आणि पिशवी

आता सुरुवातीला म्हटलेल्या सामाजिक प्रश्नाकडे येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील सुमारे तीन स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनी अतिस्राव किंवा पाळीतील वेदना हे कारण सांगितले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींमागे एक!

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, पाणी नाही. अशा स्थितीत पाळीचा त्रास घेऊन बाई डॉक्टरांकडे जाते तेव्हा तिला सोपा आणि कायमचा उपाय हवा असतो. ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचेही अनेकींनी सांगितले. ऐन तारुण्यात गर्भाशय गेले, आणि त्याबरोबर अंडाशयही काढले, तर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, पाठ धरते. आणि कोयता तर चालवावाच लागतो. २०२२ साली केंद्र सरकारने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले.

दुर्बीण आली म्हणजे हा प्रश्न सुटेल, असा माझा दावा नाही. ती फडात शौचालय बांधू शकत नाही की खाडा माफ करू शकत नाही. पण ‘काढून टाका’ या सल्ल्याला ‘काय दिसले म्हणून?’ असा प्रश्न विचारण्याचे बळ ती देऊ शकते. कोंब असेल तर तो काढता येतो, पोकळीत आलेली गाठ दुर्बिणीतूनच कापता येते, बीज सुटत नसेल तर गोळ्या आहेत, रक्तस्राव कमी करणारी औषधे आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने आहेत. या सगळ्यांचा विचार झाल्यावरही काही जणींना शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यांना तिने खरोखर सुख मिळते. प्रश्न शस्त्रक्रिया वाईट की चांगली हा नसून, ती कशासाठी हे कळले आहे की नाही, हा आहे.

वाचकांनी आपल्या घरापुरते एवढे जरूर करावे. पाळीच्या तारखा आणि दिवसाला लागलेले पॅड एका वहीत लिहून ठेवावेत. पाळी गेल्यानंतर डाग दिसला तर त्याला उष्णता म्हणू नये. आणि कोणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला तर चार प्रश्न शांतपणे विचारावेत: रक्तस्रावाचे कारण काय निघाले? आत दुर्बिणीतून पाहण्याची गरज आहे का? तुकडा तपासला का, आणि अहवाल काय आला? औषधाने भागणार नाही असे कशावरून? हे प्रश्न विचारायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्या टेबलावर झोपण्याची घाई करू नये.